आयर्लंडचा ‘शिव’ आणि आपलं अहो-जाहो

श्रावणातल्या एका सोमवारी मामांचा मेसेज आला. ‘आयर्लंडमधले लोक आजही एकमेकांना “शिव” म्हणतात! सेल्टिक संस्कृती म्हणजे आपलीच हरवलेली शाखा. अभिमान वाटला तर पुढे पाठवा.’ खाली बेलाची पानं आणि जोडलेले हात. मी फोन लावला.

“मामा, तुम्ही पाठवलंत ते वाचलं. शब्द खरा आहे, पण अर्थ तो नाही.”

“तू प्रत्येक गोष्टीत खोट काढ.”

“अहो, ‘शिव’ म्हणजे त्यांच्यात नुसतं ‘तुम्ही’. समोर दोन-चार माणसं असली की म्हणतात.”

मामा जरा थांबले. मग म्हणाले, “असू दे. ‘तुम्ही’ तरी आहे ना त्यांच्यात? त्या इंग्रजीसारखं नाही, बाप काय नि गडी काय, सगळ्यांना ‘यू’. आदर भाषेतच असावा लागतो. तो आपल्यात आहे.”

शिवाचं प्रकरण दोन मिनिटांत मिटणारं होतं. हे दुसरं वाक्य मात्र मिटणारं नाही, कारण ते एकट्या मामांचं नाही. लग्नाच्या पंगतीपासून भाषादिनाच्या भाषणापर्यंत ते सगळीकडे ऐकू येतं. आदरार्थी अनेकवचन म्हणजे मुळातला, फार जुना संस्कार, आणि ज्या भाषेत ते नाही ती भाषा उर्मट, असा त्याचा अर्थ. सेल्टिक भाषांमधल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची कुळकथा नीट पाहिली तर हा समज उभा राहत नाही. आदरार्थी अनेकवचन हा दरबारातून उतरलेला बराच उशिराचा रिवाज आहे. आणि ‘तू’ म्हणावं की ‘तुम्ही’, हा वाद तसा गौणच. दोघं एकमेकांना एकच शब्द वापरतात की नाही, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं.

आधी शब्दांकडे जाऊ. सेल्टिक भाषा आज सहा धरतात. एका बाजूला आयरिश, स्कॉटलंडची गेलिक आणि आइल ऑफ मॅन बेटाची मँक्स. दुसऱ्या बाजूला वेल्श, कॉर्निश आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली ब्रेटन. ब्रेटन लोक पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास ब्रिटनमधूनच समुद्र ओलांडून तिकडे गेले, त्यामुळे त्यांची भाषा फ्रान्समध्ये असली तरी नातं वेल्श-कॉर्निशशी.

या सहाही भाषांत ‘तू’ ओळखू येतो. आयरिशमध्ये तर तो ‘तू’च आहे, आणि त्यातला त आपल्यासारखाच दातांना जीभ लावून काढायचा. इंग्रज विद्यार्थी तिथे हमखास ‘टू’ म्हणतो आणि मास्तरांची बोलणी खातो. मराठी माणसाला तो त फुकटात मिळालेला आहे. वेल्शमध्ये ‘ती’, ब्रेटनमध्ये ‘ते’. (वेल्श ऐकताना मराठी कानाला सारखं कुणा बाईबद्दल चाललंय असं वाटत राहतं.) संस्कृत ‘त्वम्’, लॅटिन ‘तू’, आपला ‘तू’ आणि हे सगळे एकाच मूळ शब्दाचे वंशज. इथे मामांच्या अभिमानाला थोडी जागा आहे, पण ती वाटून घ्यावी लागेल. या कुटुंबात रशियन, इराणी, जर्मन असे सगळेच वाटेकरी आहेत.

पुढची गंमत स्कॉटलंडची. सेल्टिक भाषांत शब्दाचं पहिलं अक्षर मागच्या शब्दाच्या संगतीने मऊ पडतं. तसं मऊ पडून त चा ह होतो. आयरिशमध्ये कर्ता असला की ‘तू’, कर्म झाला की ‘हू’. स्कॉटिश गेलिकमध्ये त्या ह चाही बहुतेक ठिकाणी श्वास संपला. ‘कसा आहेस?’ हे तिथे साधारण ‘किमर अ हा ऊ?’ असं ऐकू येतं. तो शेवटचा ‘ऊ’ म्हणजे आपला ‘तू’. लिहिताना जुनं स्पेलिंग सांभाळून आहेत, बोलताना उरलाय एक स्वर. मँक्सवाल्यांनी लिहितानाही सोंग सोडलं आणि सरळ ‘ऊ’च लिहिलं. काही क्रियापदांच्या मागे मात्र गेलिकमध्ये अजून खणखणीत ‘तू’ उभा आहे, जुन्या वाड्याचा एखादाच खांब राहावा तसा.

आता अनेकवचन. आयरिश आणि गेलिकमध्ये ‘शिव’, मँक्समध्ये ‘श्यू’. वेल्शमध्ये पूर्वी ‘ख्वी’, आता ‘खी’. हा ख घशात घासून काढायचा, फारसीतल्यासारखा. ब्रेटन ‘ख्वी’, कॉर्निश ‘ह्वी’. ‘शिव’ आणि ‘ख्वी’ हा एकच शब्द आहे, हे पटकन पटत नाही. पण जोड्या लावून बघा. बहीण: जुन्या आयरिशमध्ये ‘शिउर’, वेल्शमध्ये ‘ख्वाएर’. सहा: आयरिश ‘शे’, वेल्श ‘ख्वेख’. प्रत्येक वेळी आयरिशमध्ये स किंवा श, वेल्शमध्ये ख्व. बहिणीला संस्कृतात ‘स्वसा’ म्हणतात, म्हणजे मूळ जोडाक्षर ‘स्व’ होतं हे उघड आहे. आयरिशांनी त्यातला व गाळला, वेल्शांनी स चा घासून ख केला. इराणमध्येही स्वतंत्रपणे हेच घडलं. संस्कृत ‘स्वतः’चा जो भाऊ तिकडे होता त्याचा ‘ख्वद’ आणि मग ‘खुद’ झाला, आणि तो फारसीतून आपल्याकडे ‘खुद्द’ होऊन आला. मराठी माणूस एका वाक्यात ‘स्वतः’ म्हणतो, दुसऱ्यात ‘खुद्द’. आयरिश आणि वेल्श या दोन भाषांमधलं अंतर त्याच्या तोंडात रोज घडतं.

म्हणजे ‘शिव’चं मूळ रूप ‘स्वीस’सारखं काहीतरी होतं. त्यातला व हा संस्कृतातल्या ‘वः’मधला, लॅटिन ‘वोस’मधला. पुढचा स कसा चिकटला यावर विद्वानांत वाद आहे. ‘आम्ही’च्या सेल्टिक शब्दालाही तसाच स चिकटलेला दिसतो, म्हणून बऱ्याच जणांचा संशय ‘अस्मद्-युष्मद्’मध्ये जो स-ष आहे त्याच्यावर आहे. आणि ‘शिव’मधला श? तो मूळचा श नव्हेच. स च्या पुढे इ आली की आयरिशमध्ये तो आपोआप श होतो. मराठीचीही खोड हीच. संस्कृत ‘सीव्’वरून आपण ‘शिवणं’ केलं, ‘सीमा’ची ‘शीव’ केली. मुंबईत शीव स्टेशनवर उतरणाऱ्याने आयरिश ‘शिव’चा उगम विचारला तर त्याला एवढंच सांगता येईल: तुझ्या स्टेशनात जो श आहे, तोच हा, आणि कैलासाशी दोन्हींचा संबंध नाही.

हे सगळं इतकं उकरायचं कारण आहे. इतक्या खोल जाऊनही ‘आदर’ कुठे सापडत नाही. सापडते ती फक्त संख्या. ‘तू’ म्हणजे एक, ‘वः’ म्हणजे अनेक. वेदात अग्नीला, इंद्राला ‘त्वम्’च म्हटलंय. ‘त्वमेव माता च पिता त्वमेव’ म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. गंमत म्हणजे आपलं ‘तुम्ही’देखील जन्माने फार घरंदाज नाही. संस्कृत ‘युष्म’चं प्राकृतात ‘तुम्हे’ झालं ते एकवचनाच्या त चा संसर्ग होऊन. म्हणजे ज्या ‘तुम्ही’ने आपण ‘तू’पासून लांब राहतो, त्याच्या पोटातच ‘तू’ बसलेला आहे. सेल्टिक भाषांनी दोन घरं तरी वेगळी ठेवली.

मग आदर आला कुठून? युरोपात तो रोमन दरबारातून आला असं सर्वसाधारण मत आहे. साधारण चौथ्या शतकापासून सम्राटाला ‘वोस’ म्हणायची पद्धत पडली. कुणी म्हणतं, सम्राट दोन होते, एक रोमला आणि एक कॉन्स्टँटिनोपलला, म्हणून एकाला बोललं तरी दोघांना. कुणी म्हणतं, सम्राट स्वतःला ‘आम्ही’ म्हणे म्हणून समोरच्याने ‘तुम्ही’ म्हटलं. 1960 साली रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी या सर्वनामांवर जो निबंध लिहिला त्यात ही कथा आहे, आणि त्यांचा मुद्दाही माझ्या मते अजून कुणी खोडलेला नाही: वरच्याने खालच्याला ‘तू’ म्हणायचं, खालच्याने वरच्याला ‘तुम्ही’, हे सत्तेचं माप आहे. ते फ्रेंच दरबारात गेलं, तिथून शेजारीपाजारी.

ते येण्यापूर्वीचं जग कसं होतं, हे पाहायचं तर वेल्शमधल्या एका मध्ययुगीन कथेकडे जावं लागतं. माबिनोगी म्हणजे चार कथांची एक मालिका, प्रत्येक कथेला ‘शाखा’ म्हणतात; त्यातल्या पहिल्या शाखेची ही सुरुवात. चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितांत ती आहे. वेल्समधल्या डव्हेदचा राजा प्विल ग्लिन कूखच्या दरीत शिकारीला जातो. सोबत्यांपासून वेगळा पडतो. समोर मोकळ्या जागेत अनोळखी कुत्र्यांनी एक हरीण पाडलेलं. कुत्री लख्ख पांढरी, कान तांबडे. प्विल ती हुसकावतो आणि हरणावर स्वतःची कुत्री सोडतो. तेवढ्यात करड्या-पांढऱ्या घोड्यावरून त्या कुत्र्यांचा धनी येतो. म्हणतो, सरदारा, तू कोण हे मला ठाऊक आहे, पण मी तुला अभिवादन करणार नाही. प्विल विचारतो, तुझा हुद्दा तसा असेल म्हणून का? हुद्द्याचं काही नाही, तो म्हणतो; तुझाच अडाणीपणा आणि उद्धटपणा. दुसऱ्याच्या कुत्र्यांनी मारलेल्या हरणावर आपली कुत्री सोडणं, याहून मोठा असभ्यपणा मी पाहिलेला नाही.

दोन राजे शिष्टाचारावरून भांडतायत. सर्वनाम काय? दोन्हीकडून ‘ती’, म्हणजे तू. आणि पुढची ओळ तर मला या सगळ्या वादाचा निकाल वाटते. परका सांगतो, माझ्या देशात मी मुकुट धारण केलेला राजा आहे. त्याबरोबर प्विल सावरतो. आतापर्यंत त्याने त्याला ‘सरदारा’ म्हटलं होतं. आता तो ‘प्रभू’ म्हणतो. म्हणतो, “प्रभू, शुभ दिन तुला. आणि तू कुठल्या देशाचा?” संबोधन बदललं. सर्वनाम जागचं हललं नाही. त्याला ते हलवायचं सुचतच नाही, कारण आदराची जागा तिथे नव्हतीच. ती हाकेत होती. (‘सरदारा’साठी तिथे जो ‘उनबेन’ शब्द आहे त्याचा आजच्या वेल्शमध्ये अर्थ हुकूमशहा. हाकांचं नशीब सर्वनामांपेक्षा लवकर फिरतं.)

त्या जुन्या वेल्शला बारकावे येत नव्हते असंही नाही. ‘तू’साठी तिच्याकडे तीन-तीन रूपं: साधं ‘ती’, ठासून सांगायचं ‘तदी’, आणि ‘तूही, तुझ्या बाजूने’ असं सुचवणारं ‘तिथाई’. प्विलने त्या राजाला देश विचारताना हे तिसरं वापरलंय: माझं तुला ठाऊक आहे, आता तू तुझं सांग. दोघांना समोरासमोर बसवणारं हे सर्वनाम आहे. आपल्याकडे असं काही नाही याचा मला हेवा वाटतो.

आयर्लंडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. जुना आयरिश समाज समतेचा मुळीच नव्हता. तिथल्या कायद्याच्या पोथ्यांनी माणसामाणसाची प्रत लावून ठेवली होती आणि प्रत्येकाच्या अब्रूला दर होता. त्या दराचं नावच ‘लोग न-एनेख’, म्हणजे चेहऱ्याची किंमत. कुणाचा अपमान झाला, कुणाच्या पाहुण्याला कुणी हात लावला, की त्या चेहऱ्याच्या किमतीने भरपाई. छोट्या राज्याच्या राजाच्या चेहऱ्याची किंमत सात ‘कुमल’. आणि ‘कुमल’चा मूळ अर्थ दासी. इतका पायऱ्यांचा हिशोब ठेवणारा समाज, आणि त्याच्या भाषेत राजालाही ‘तू’, गुलामालाही ‘तू’. पुढे दरबारी कवींच्या काव्यात सरदाराला कधीमधी ‘शिव’ म्हटलेलं दिसतं, उत्तरेकडच्या काही बोलींत पाद्र्याला ‘शिव’ म्हणायची रीत होती. पण ते रुजलं नाही. आज आयरिश बोलणारा देशाच्या राष्ट्राध्यक्षांना ‘तू’ म्हणतो, भिकाऱ्याला ‘तू’ म्हणतो.

इथे मला एक कबुली द्यावी लागते. सगळ्यांना ‘तू’ म्हणून तो समाज समान झाला नाही. तेव्हा ‘अरे-तुरे’ सुरू करा म्हणजे समता येईल असं कुणी सांगत असेल तर त्याला मी हीच दासीची किंमत दाखवेन. पण तोच दाखला मामांनाही लागू होतो. सर्वनामातून समता येत नाही, तसा सर्वनामातून आदरही येत नाही.

आदर आयरिशांनी कुठे ठेवला ते पाहण्यासारखं आहे. भेटल्यावर म्हणायचं, ‘दीया दित’. यातला ‘दीया’ म्हणजे आपला ‘देव’, शब्दशः तोच. ‘देव तुझ्यासोबत’ असं काहीसं. उत्तर देणाऱ्याने तेवढंच परत करायचं नाही. त्याने म्हणायचं, देव आणि मेरी तुझ्यासोबत. तिसरा आला तर देव, मेरी आणि संत पॅट्रिक. आपल्याला मिळालं त्यात एक संत घालून परत करायचं! आभार मानायचे तर ‘तुझ्यापाशी भलं असो’. पत्र लिहायचं तर वर ‘अ खारा’, म्हणजे ‘मित्रा’. सरकारी खात्यातून येणाऱ्या पत्रांवरही हाच मायना असतो, कित्येकदा बाकीचं पत्र इंग्रजीत असतानाही. आणि शेवटी ‘इस मिशे, ल म्यास’: मी आहे, आदरासह. वर मैत्री, खाली आदर, मधे ‘तू’. कर भरायचा राहिला म्हणून नोटीस पाठवणाराही ‘मित्रा’ने सुरुवात करतो हे मला फार आवडतं, आपल्याकडच्या नोटिशीत ‘आपणास’ असतं आणि वाचताना पोटात गोळा येतो.

समुद्रापलीकडे स्कॉटलंडात तीच भाषा, जवळजवळ. सतराव्या शतकापर्यंत दोघांची साहित्यभाषाही एक होती. पण तिथे ‘शिव’ आदरार्थी झाला. हेब्रिडीझ बेटांवर वडीलधाऱ्यांना, परक्यांना ‘शिव’ म्हणायचं. गेलिक शिकणाऱ्याला पहिल्याच धड्यात आभाराचे दोन प्रकार पाठ करावे लागतात: बरोबरीच्याला ‘तापा लात’, मोठ्याला ‘तापा लेव’. म्हणजे दोन सख्ख्या बहिणींपैकी एकीने अहो-जाहो घेतलं, दुसरीने घेतलं नाही. मामांचं म्हणणं खरं असतं तर आयर्लंडचा शेतकरी हेब्रिडीझच्या कोळ्यापेक्षा उद्धट निघायला हवा होता. तसं आजवर कुणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

देवाचं पाहिलं तर उलटंच चित्र दिसतं. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही ख्रिस्ती प्रार्थना मराठीत ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ म्हणते. आयरिश, वेल्श, मँक्स, सगळीकडे ‘तुझे’च. एरवी मोठ्यांना ‘शिव’ म्हणणारी गेलिकसुद्धा देवाला ‘तू’ म्हणते, जसे आपले वारकरी विठोबाला म्हणतात. फक्त पारंपरिक ब्रेटन प्रार्थना देवाला ‘ख्वी’ म्हणते. का? शेजारी फ्रेंच होती, आणि फ्रेंच कॅथलिक देवाला ‘वू’ म्हणत होते. 1966 साली फ्रेंचांनी नवा अनुवाद स्वीकारला आणि देवाला ‘तू’ म्हणायला लागले. उधार आणलेला आदर ब्रेटनच्या जुन्या प्रार्थनेत राहिला, उधार देणारा स्वतः मोकळा झाला. मुळातला संस्कार म्हणतात तो असा शेजाऱ्याच्या घरातून येतो आणि शेजाऱ्याच्या ध्यानीमनीही राहत नाही.

ब्रिटनीतच आणखी एक गोष्ट घडली. काही भागांत ‘ख्वी’ इतका पसरला की ‘ते’ बोलण्यातून जवळपास उठूनच गेला. मित्राला ‘ख्वी’, पोराला ‘ख्वी’. इंग्रजीत नेमकं हेच झालं. मामांना वाटतं इंग्रजीत ‘तुम्ही’ नाही. खरं तर इंग्रजीत ‘तू’ नाही. ‘दाऊ’ हा त्यांचा ‘तू’ होता, तो सतराव्या शतकात प्रमाण बोलण्यातून गेला. उरलेला ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’. इंग्रज माणूस मांजरालासुद्धा अहो-जाहो करतो.

म्हणून मी म्हणतो, दोन वाटा आहेत आणि दोन्हींनी गाव येतं. आयर्लंडने सगळ्यांना ‘तू’ केलं, मध्येच कुठेतरी ब्रिटनीतल्या खेड्यांनी सगळ्यांना ‘तुम्ही’ केलं. दोन्हीकडे तराजू एकच राहिला. त्रास तिथे होतो जिथे दुकानदार घ्यायला एक माप ठेवतो आणि द्यायला दुसरं.

दुसऱ्या वाटेला एक तोटा आहे तेवढा सांगतो. आदर अनेकवचनात भरला की मोजणी बिघडते. ‘तुम्ही जेवायला या’ म्हटल्यावर एकट्याने जायचं की मुलाबाळांना घेऊन, हे कळत नाही. मग ‘तुम्ही सगळे’ असं शेपूट लावावं लागतं. आयरिशांना ही अडचण माहीतच नव्हती. एकोणिसाव्या शतकात ते लाखांनी इंग्रजीकडे वळले तेव्हा एकाला आणि दहांना एकच ‘यू’ हे त्यांना चालेना. त्यांनी ‘यू’चं अनेकवचन केलं: कुठे ‘यी’, कुठे ‘यूझ’. डब्लिनच्या रस्त्यावर, ग्लासगोत, लिव्हरपूलमध्ये, पार सिडनीपर्यंत हे ‘यूझ’ ऐकू येतं, आणि मास्तर लोक त्याला गावंढळ म्हणून झोडपतात. त्यात मला ‘शिव’चं भूत दिसतं. भाषा गेली तरी मोजायची सवय गेली नाही.

वेल्समधले लोक मला म्हणतील, तुम्ही एक गोष्ट विसरताय. ‘खी’वरून ‘ती’वर येण्याचा एक क्षण असतो, आणि तो गोड असतो. मान्य. आपल्याकडेही नवी सून नणंदेला ‘अगं’ म्हणू लागते तेव्हा घरात काहीतरी उघडतं. पूर्वी कितीतरी वेल्श घरांत मुलं आईबापांना ‘खी’ म्हणत, आता ‘ती’ म्हणणारी घरं वाढली आहेत, आणि जुन्या लोकांना त्यात काही हरवल्यासारखं वाटतं. वेल्समध्ये 2021च्या जनगणनेत सुमारे 5 लाख 38 हजार वेल्श बोलणारे निघाले, शेकडा 17.8. एवढ्याशा भाषेला प्रत्येक छटा जपावीशी वाटणारच. दोन सर्वनामं टाकून द्या असं मी म्हणतच नाही. पण तो गोड क्षण गोड असतो कारण दोघं मिळून त्या पायरीवरून उतरतात. एकजण वर उभा राहून दुसऱ्याला ‘तू’ म्हणतो तेव्हा कुठलाच क्षण येत नाही, फक्त जागा दाखवली जाते.

आणि आपल्याकडे ती रोज दाखवली जाते. आमच्या सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन साठीच्या पुढचे आहेत. सातवीतला मुलगा सायकल टाकून त्यांना सांगतो, “ए, बघ जरा.” ते त्याच्या वडिलांना ‘साहेब, तुम्ही’ म्हणतात आणि त्या मुलालासुद्धा ‘दादा’. पंचवीस वर्षांचा डॉक्टर सत्तर वर्षांच्या म्हातारीला विचारतो, “काय होतंय तुला?” कधी ते मायेनंही असतं, मी ते ओळखतो, पण तीच म्हातारी मोटारीतून उतरली असती तर तीच माया ‘तुम्ही’ झाली असती. चौकीत तक्रार घेऊन गेलेल्याच्या कपड्यांवरून पहिल्या वाक्यातलं क्रियापद ठरतं. याला आदराची परंपरा म्हणायचं असेल तर ती परंपरा निम्म्या लोकांच्या वाट्याला कधी आलेलीच नाही. सरकारी जाहिरातीत ‘आपण’, खिडकीवर ‘ए’.

माझी मागणी साधी आहे. घरात काय म्हणायचं ते ज्याचं त्याने बघावं. पण खिडकीवर, चौकीत, दवाखान्यात, शाळेच्या शिपायाशी, डिलिव्हरीवाल्याशी, जिथे दोन प्रौढ अनोळखी माणसं बोलतात तिथे दोन्ही बाजूंनी ‘तुम्ही’. ब्रिटनीची वाट, आयर्लंडची नव्हे. आयर्लंडची मला जास्त आवडते, पण आपल्याकडे ‘तू’वर इतका चिखल साठलाय की तो सगळ्यांना द्यायचा म्हटलं तर वरचे चिडतील आणि खालच्यांना त्यात नवं काहीच मिळणार नाही.

हे सगळं मी मामांना सांगितलं, थोडक्यात. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी विचारलं, “मामा, तुम्ही आजोबांना काय म्हणायचात?”

“अहो. म्हणजे तुम्हीच. त्यांच्यासमोर बसायचीही छाती नव्हती.”

“आणि आजीला?”

“आईला कोण तुम्ही म्हणतं रे?” मग थोड्या वेळाने, “पण ऐकायचो मी तिचंच.”

दुसऱ्या दिवसापासून मामांनी घरच्या ग्रुपवर ‘सुप्रभात’ बंद केलं आहे. रोज सकाळी सहाला नुसतं ‘शिव’ टाकतात. ग्रुपवर आम्ही एकतीस जण आहोत, त्यामुळे व्याकरणाला धरून आहे.